एका सिगारेटपुरतं बोलणं

मला अजूनही सिगारेट ओढावीशी वाटते. हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या डॉक्टर मॅडम म्हणतात, नवीन पेशंटशी बोलत जा, त्यांना धीर येतो. म्हणून तपासणीला गेलो की बाकावरच्या कुणाशी तरी बोलतो. मागे पाथर्डीकडचे एक ट्रक ड्रायव्हर भेटले. पायाच्या अंगठ्याला पट्टी होती. पायाबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. जवळ सरकून हळूच म्हणाले, "भाऊ, तलफ कधी जाती?"

"माझी अजून गेलेली नाही," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा पडला. "पन तुमी वडत न्हाई ना?"

"नाही."

"मंग कसं काय?"

तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला आणि उत्तर राहून गेलं. तसंही त्या बाकावर मला ते नीट सांगता आलं नसतं. घरी येऊन लिहायला बसलो.

*

मी सुधीर पाटोळे. वय चव्वेचाळीस. राहायला नगरमध्ये, म्हणजे आता अहिल्यानगर, चर्चच्या मागच्या गल्लीत. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, वडील मास्तर, बायको रूथ प्राथमिक शाळेत शिक्षिका. घरात खडू न धरलेला मी एकटाच. आयटीआय करून फिटर झालो आणि सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेन्टेनन्सला लागलो.

तिथं बबन भेटला. राळेगणसिद्धीच्या पलीकडच्या एका वस्तीवर त्याचं घर. थोडी शेती, चार गाई आणि आई. लग्न जमता जमता राहून गेलं होतं. पहाटे धारा काढायच्या, डेअरीला दूध घालायचं आणि मोटरसायकलवर कामाला यायचं, असा त्याचा दिवस. कुठल्या गाईला काय झालं हे त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं.

आमच्या शॉपमध्ये, म्हणजे आमच्या विभागात, प्रेस मशीनचा आवाज इतका, की शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे करावे लागत. कारखान्याच्या आवारात सिगारेट ओढायला बंदी. म्हणून चहाच्या सुट्टीत सगळे गेटबाहेरच्या लिंबाखाली जायचे. तिथं टपरी होती. बबन एका काडीवर दोघांच्या पेटवायचा, वाऱ्याकडं पाठ करून, ओंजळीत ज्योत धरून. पहिला झुरका आत गेला की डोक्यातला प्रेसचा आवाज थांबायचा. मग आम्ही बोलायचो.

आमचं बोलणं एका सिगारेटपुरतं असायचं. ती संपली की वाक्य अर्ध्यात सोडून आत जायचं, उरलेलं पुढच्या चहाला. अशा अर्ध्या-अर्ध्या वाक्यांत बारा-तेरा वर्षं गेली. आमच्या मुलीच्या, एस्तेरच्या, आधी आमची दोन बाळं पोटातच गेली, ते मी माझ्या सख्ख्या भावाला नीट सांगितलं नव्हतं. बबनला सांगितलं. त्यानं बघून आलेल्या मुलींबद्दल, त्यांनी दिलेल्या नकारांबद्दल मला सांगितलं. त्याच्या आईला मी एकदाही भेटलो नव्हतो, पण तिला कुठल्या भाजीनं पित्त होतं ते मला माहीत होतं.

मी सिगारेटबद्दल लिहायला बसलो आणि बबनबद्दल लिहितोय. नाइलाज आहे. माझ्या डोक्यात ते दोन्ही वेगळं निघत नाही.

*

दुखायला सुरुवात झाली ती डाव्या पोटरीत. चाललं की पेटका यायचा, थांबलं की जायचा. मी बुटांना दोष दिला. तेल चोळलं, गोळ्या खाल्ल्या, कुणी सांगितलं म्हणून कमरेचा एक्स-रे काढला. गेटपासून लिंबापर्यंत जाताना एकदा थांबावं लागायला लागलं. बबन पुढं गेलेला असायचा, वळून म्हणायचा, "काय रं पाटोळ्या, म्हातारा झाला का?" मी हसायचो आणि लिंबाखाली पोचल्याबरोबर हात पुढं करायचो.

मग त्याच पायाची नखं काढताना करंगळीशेजारच्या बोटाला जरासं लागलं. ते भरेना. बोट थंड पडलं, जांभळं झालं, टोकाला काळा ठिपका आला. आता पाय पलंगावर सरळ ठेवला की ठणकायचा, खाली लोंबता सोडला की जरा बरं वाटायचं. मी बसून झोपायला लागलो. तेव्हा रूथनं रजा काढली आणि मला नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

*

पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली. मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "दिवसाला किती ओढता?"

मी निम्मा आकडा सांगितला. रूथनं माझ्याकडं पाहिलं. मी खरा सांगितला.

आजाराचं नाव बर्गर. घरी सांगितलं तेव्हा एस्तेर म्हणाली, "पप्पा, तुम्ही तर बर्गर कधी खाल्लाच नाही!" आणि त्या दिवशी आम्ही तिघं एकदाच काय ते हसलो. तंबाखूमुळं हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या सुजतात आणि बुजतात, एवढंच मला समजलं. त्याहून जास्त समजण्याची गरजही पडली नाही, कारण मॅडमनी पुढचं अगदी सोपं करून सांगितलं.

"मी औषधं देईन, इंजेक्शनं देईन. ते बोट मात्र जाणार. पण तुम्ही दिवसाला एक जरी ओढलीत, तरी हा आजार चालूच राहील. मग मी नुसती कापत राहीन. आधी बोटं, मग पाऊल, मग गुडघ्याखाली. सोडलीत तर बहुतेक इथंच थांबेल."

"कमी कमी करत आणली तर?"

"नाही."

"ते च्युइंगम मिळतं म्हणे..."

"त्यातही निकोटीन असतं. तुम्हाला तेही नको. एक गोळी देते, तलफेला थोडा आधार होईल. बाकी तुमचं तुम्हालाच."

रूथनं फाईल मिटून छातीशी धरली. आम्ही बाहेर आलो. पार्किंगमध्ये मी तिला म्हणालो, "तू हो पुढं. मी आलोच."

ती हलली नाही. "खिशात आहे ना?"

मी खिसा हातानं दाबून धरला.

"मग इथंच ओढा. माझ्यासमोर."

लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिच्यासमोर कधी ओढली नव्हती. घरी जाण्याआधी चूळ भरायची, बडीशेप खायची, हे ठरलेलं. त्या दिवशी स्कूटरला टेकून मी पेटवली. ती समोर उभी राहून बघत होती. रागानं बघत नव्हती. शाळेत एखादं मूल सारखं एकच चूक करत असेल तर ती कुठून होते हे शोधताना ती जशी बघते, तशी.

"काय असतं हो यात?" तिनं विचारलं.

अर्धी झाल्यावर विझवली. ती माझी शेवटची.

*

दवाखान्यातले दिवस एकासारखे एक होते. सकाळी ड्रेसिंगच्या ट्रॉलीची चाकं वाजली की सगळ्या वॉर्डाचं बोलणं बंद व्हायचं. स्पिरिटचा वास पुढं, सिस्टर मागं. बोट काढलं त्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडल्यावर जी मोकळी जागा दिसली, ती आठवते. मी नजर फिरवली आणि रूथ म्हणाली, "बघा. आज नाही बघितलं तर कधीच बघणार नाही तुम्ही." मग दोघांनी मिळून बघितलं.

पायाच्या दुखण्यावर औषध होतं. तलफेची धार ती गोळी काहीशी कमी करायची, इतकंच. जीभ जड व्हायची, हात कुठं ठेवावा कळायचं नाही, पेपरातली एक ओळ चारदा वाचावी लागायची. आमचा वॉर्ड पहिल्या मजल्यावर. खिडकीखाली वॉचमन उभा राहून बिडी ओढायचा आणि त्याचा वास वर यायचा. मी बिडी कधी ओढली नव्हती, पण त्या वासासाठी तोंड खिडकीकडं करून पडून राहायचो. एका सिस्टरच्या ते लक्षात आलं. तिनं खिडकी लावली आणि जाताना उशाशी दोन लवंगा ठेवल्या. नंतर रोज ठेवायची. उपदेशाचा एक शब्द नाही. तिचे उपकार मी विसरलेलो नाही.

बबन भेटायला आला तो स्वच्छ शर्ट घालून, हातपाय धुऊन. तरी त्याच्या बोटांना, केसांना तो वास होताच. तो स्टुलावर बसला आणि मला त्याच्या खांद्यावर डोकं ठेवावंसं वाटलं. मित्रासाठी का वासासाठी, ते माझं मलाही कळत नव्हतं.

"मी बी सोडतो," तो म्हणाला. "आईची शप्पत."

तिसऱ्यांदा आला तेव्हा रूथ औषधं आणायला खाली गेली होती. मी त्याचा हात धरला. "बबन्या, एक झुरका दे. एकच. संडासात जाऊन ओढतो, कुणाला कळणार नाही."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. हात खिशाकडं गेला. तिथंच थांबला. मग तो उठला, "वहिनी कुठं हायेत बघतो," म्हणाला आणि बाहेर गेला.

परत आला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

*

घरी आल्यावरचे महिने दवाखान्यापेक्षा अवघड गेले. जखम हळूहळू भरत होती. मी मात्र कुणाला सहन होत नव्हतो. एस्तेर अभ्यास करताना पेन टकटक वाजवायची, त्यावरून मी इतका ओरडलो की ती पुस्तकं उचलून शेजारी अभ्यासाला जायला लागली. आमच्या चर्चचे पाळकसाहेब येऊन डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून गेले, "प्रभू, या भावाला या बंधनातून मुक्त कर." मी डोळे मिटून आमेन म्हटलं आणि तेव्हाही मनात एकच होतं, की साहेबांच्या जागी आत्ता कुणीतरी एक पेटवून माझ्या हातात द्यावी.

दिवसातल्या ठरलेल्या वेळा फार छळायच्या. चहा झाल्यावर. जेवण झाल्यावर. पाऊस थांबून माती निवल्यावर. कारखान्याच्या चहाच्या सुट्टीची वेळ झाली की माझं शरीर आपोआप उठून दाराशी जायचं. उंबऱ्यावर उभा राहून मी रस्त्याकडं बघायचो. लिंब दिसायचा, टपरीवरचा स्टोव्ह ऐकू यायचा, ओंजळीतली ज्योत दिसायची. तलफ वाढते आणि ओसरते, थोडा वेळ काढला की जाते, असं मॅडमनी सांगितलं होतं. ते खरं आहे. पण ती ओसरून गेली की जे मागं राहायचं, त्याबद्दल त्यांनी काही सांगितलं नव्हतं. मला कुणाशी तरी अर्धं वाक्य बोलायचं असायचं.

बबनला फोन केला की तो घ्यायचा नाही. कधी घेतला तर, "कामात हाय रं, करतो मंग." करायचा नाही.

एका रविवारी दुपारी रूथ मेथी निवडत बसली होती. मी म्हणालो, "बबन्या खोटा निघाला. धडधाकट होतो तोवर दोस्त."

तिचे हात थांबले. "तसं बोलू नका त्यांना. मीच सांगितलं होतं, येऊ नका म्हणून."

"कधी?" मी विचारलं.

"तुम्ही दवाखान्यात झुरका मागितलात ना, त्या दिवशी ते जिन्यात बसून रडत होते. मला म्हणाले, 'वहिनी, माजा हात खिशात गेल्ता. त्यानं आजून एकदा मागितली तर मी दिऊन टाकीन. मला त्याला न्हाई म्हनता येत न्हाई.' मग मी म्हटलं, भाऊ, मग तुम्ही येऊ नका."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यांच्याकडं गेला असतात."

मला राग आला, आणि तो कुणावर धरावा हे कळेना. दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती डबा भरता भरता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "गाय व्याली की ते एस्तेरसाठी चिकाचं दूध पाठवायचे. ती परवा विचारत होती, यंदा खरवस नाही का. मलाही वाईट वाटतं हो. माणूस मी पण तोडलाय."

*

कामावर परत गेलो तेव्हा मला स्टोअरला बसवलं. स्पॅनर, बेल्ट, बेअरिंग द्यायची आणि मोजून परत घ्यायची. उभं राहण्याचं काम कमी. बबननं दरम्यान शिफ्ट बदलून घेतली होती. मी निघायच्या वेळी तो यायचा. स्टँडवर त्याची मोटरसायकल दिसायची, सीटवर घरचं जुनं पोतं बांधलेली. तो दिसायचा नाही. कंपनीची बस हलली की मी मान वळवून त्या पोत्याकडं बघायचो.

चहा कँटीनमध्ये प्यायला लागलो. चांगला असतो. पण चहा संपल्यावर पुढं काहीतरी व्हायला हवं असं अजून वाटतं, आणि काही होत नाही.

एका थंडीत उजव्या पायाचं बोट निळं दिसलं. रूथला न सांगता रिक्षा करून दवाखाना गाठला. रिक्षात मी पाऊल, घोटा, गुडघा असा सगळा पाय मनातल्या मनात गमावून बसलो होतो. मॅडमनी तपासलं, म्हणाल्या, "थंडीनं झालंय. लोकरीचे मोजे घाला. आजार शांत आहे." दवाखान्याच्या पायरीवर बसलो आणि ही गोष्ट पहिल्यांदा कुणाला सांगावीशी वाटली, तर बबनला.

मग एक दिवस कामावर कुणीतरी बोलता बोलता म्हणालं, "बबनची आई गेली, महिना झाला की. तुला म्हाईत न्हाई?"

मला माहीत नव्हतं.

*

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर रूथ म्हणाली, "जाऊन या. चालवेल ना?"

"थांबत थांबत जाईन."

एसटी बदलून गावाच्या फाट्यावर उतरलो. तिथून वस्तीपर्यंत मातीची वाट. दुखणं सुरू झाल्यापासून इतकं अंतर मी चाललो नव्हतो. दोन्ही बाजूला ज्वारी निसवलेली, कणसं बाहेर आलेली. पोटरी भरून आली की बांधावर टेकायचो, जरा वेळानं उठायचो.

बबन गोठ्यापुढं उकिडवा बसून ओढत होता. मला बघताच त्यानं सिगारेट चपलेखाली चिरडली, उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "थांब! थांब तितंच!"

मी थांबलो. तो हौदावर गेला. चूळ भरली, हात धुतले, तोंड धुतलं, परत चूळ भरली. दारातल्या लिंबाखालची बाज दाखवून म्हणाला, "बस तितं." स्वतः दूर गोठ्याच्या कडेला दगडावर बसला.

"एवढ्या लांबून बोलायचं?"

"वारं तुज्याकडनं हिकडं हाय. हितंच बरा हाय मी."

आम्हाला बोलायला सुरुवात कुठून करायची हे ठाऊक नव्हतं. आधी ते काम काडी करायची. शेवटी मी मोठ्यानं म्हणालो, "आई गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही."

"कुनी सांगनार? सांगनारा मीच हुतो." तो खाली बघत म्हणाला. "लई विचारायची तुला. तुजा त्यो पाटोळा आता येत न्हाई का बोलायला, म्हनायची. तिला वाटायचं तू माज्याच शिफ्टला हायेस."

मग ती कशी आजारी पडली, शेवटी काय खाल्लं, कुणाला हाक मारली, ते त्यानं सांगितलं. पूर्ण सांगितलं. मी बोटाचं सांगितलं, एस्तेरचं सांगितलं, थंडीतल्या त्या रिक्षाचं सांगितलं. तो उठून गाईंना वैरण घालत होता, शेण ओढत होता, ऐकत होता. ऊन उतरलं तरी बोलणं संपेना, कारण ते कशानं संपवायचं हेच दोघांना माहीत नव्हतं.

"माजी सुटली न्हाई, सुधीर," तो म्हणाला. त्यानं मला नावानं हाक मारली ती बहुधा पहिल्यांदाच. "दोनदा सोडली. आई गेली आन परत लागली. तुला राग येत आसंल."

"राग नाही येत. हेवा वाटतो."

तो हसला, मग मीही. आणि हसता हसता मला भीती वाटली. मी बाजेवरून उठलो, वाऱ्याचा विचार न करता त्याच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "चप्पल काढ. पाय दाखव."

"आरं, काय करतोस? पायाला हात नको लावू."

मी खाली बसलो आणि त्याचं पाऊल मांडीवर घेतलं. शेणामातीचं, भेगाळलेलं. मॅडम दर वेळी माझ्या पावलावर जिथं बोटं ठेवून नाडी शोधतात, तिथं बोटं ठेवली. माझ्या डाव्या पायाला तिथं काही लागत नाही. बबनच्या पायाला ठोका लागला. भरभक्कम, एकामागून एक.

"काय हाय?" त्यानं घाबरून विचारलं.

"चांगला आहे," मी म्हणालो. "अजून चांगला आहे. बबन्या, एकदा मॅडमना दाखवून घे. मी येतो बरोबर."

मी पाऊल सोडलं नाही. त्यानंही ओढून घेतलं नाही.

धारा काढून झाल्यावर तो मोटरसायकल काढायला निघाला. मी म्हणालो, चालतच जाऊ. मग आम्ही त्या मातीच्या वाटेनं निघालो. मी थांबलो की तो थांबायचा, आणि ज्वारीकडं बघत राहायचा. फाट्यावर सुप्याकडं जाणारी एसटी लगेच आली. त्यानं कॅरीबॅगेतली दुधाची बाटली माझ्या हातात दिली, "एस्तेरला," म्हणाला. दवाखान्याचं हो-नाही मात्र काहीच म्हणाला नाही. मीही परत विचारलं नाही.

बस हलली. मागच्या काचेतून पाहिलं, तर तो तसाच उभा होता, दोन्ही हात जर्किनच्या खिशात. बस वळेपर्यंत त्यानं ते बाहेर काढले नाहीत. वळल्यानंतर काढले असणार, ओंजळीत काडी धरायला. मी सीटवर नीट बसलो, बूट काढून पाय मोकळा केला, आणि सुपा येईपर्यंत त्या पहिल्या झुरक्याची चव तोंडात घोळवत राहिलो.